मोहरीचा डोळा

काळजी करणं ही कला मानली, तर माझ्या नणंदेच्या सासूबाईंएवढा मोठा कलावंत आमच्या अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात झालेला नाही. तुम्हीआम्ही काळजी वाटली म्हणजे करतो. त्या आधी करून ठेवतात, वाटायची तेव्हा वाटेल. त्यांचं घर देऊळघाटला, मी बुलढाण्यात एका शाळेत शिकवते. मुलगा आणि सून, म्हणजे माझी नणंद, दोघंही नोकरीपायी बंगळूरला. त्यामुळे या कलेचा जवळचा रसिक म्हणून माझीच नेमणूक झालेली. सकाळी मी डबे भरत असते आणि फोन वाजतो. एकदा म्हणाल्या, "पोरी, टीव्हीवर भूकंपाचं दाखवून राह्यले." मी म्हटलं, "मावशी, तो जपानला झालाय." त्या म्हणाल्या, "हाव, पन आपल्याकडं यायले त्याले किती वेळ लागन?" आता याला उत्तर काय द्यायचं? मी "आज तरी येत नाही" असं सांगून टाकलं, तर त्यांना खरंच बरं वाटलं.

या बाई रुखवत करतात. लग्नात मुलीकडच्यांनी मांडवात मांडायची ती शोभेची आरास हल्ली तयार आणून ठेवतात, पण मावशींच्या हातचं रुखवत म्हणजे वेगळंच प्रकरण. सुपारीची नवरी, सुपारीचा नवरा, नारळाच्या करवंटीचा घोडा, भुईमुगाच्या शेंगांचे बँडवाले, चणाडाळीचा आणि मसुराचा स्तूप, त्याच्या पायऱ्यांना तीळ लावलेले. एका पाटावर सगळी वरात. प्रत्येक माणसाला डोळे मोहरीचे, आणि ते डोळे बघतात. नवरीकडची मावशी कोण आणि नवऱ्याकडची रुसलेली आत्या कोण, हे लांबून ओळखू येतं. पण इथेही काळजी आहेच. फुटला तर काय, म्हणून त्या प्रत्येक रुखवतात एक जादा नवरा करून पिशवीत ठेवतात. बीबी गावच्या एका लग्नात कोणीतरी पिशवी उघडून तोही नवरा पाटावर मांडून टाकला. नवरी मधोमध आणि दोन्ही बाजूंना मुंडावळ्या बांधलेले दोन नवरे. मांडवभर हसू पसरलं, खरी नवरीसुद्धा हसली. मावशींना त्या दिवशी पंगतीत घास गेला नाही, आणि पुढच्या लग्नापासून त्यांनी जादा नवऱ्याच्या पिशवीला गाठी मारायला सुरुवात केली.

तर अशा बाईंना पुण्याहून बोलावणं आलं. तिथे सर्जनशील उद्योगांचा आणि संस्कृतीचा मोठा महोत्सव भरणार होता. सिनेमावाले, खेळ बनवणारे, कपडे बनवणारे, चित्रं काढणारे, सगळे एका मैदानावर तीन दिवस. कुठल्याशा लग्नातला मावशींच्या वरातीचा फोटो फिरत फिरत तिथल्या संयोजक बाईंपर्यंत गेला आणि त्यांनी फोन केला. मावशींनी "राँग नंबर" म्हणून तो दोनदा कापला. तिसऱ्यांदा माझा नंबर देऊन मोकळ्या झाल्या आणि लगेच मला फोन केला, "पोरी, कोनतरी पुन्याची बाई गोड बोलून राह्यली. ओटीपीचे आकडे मागन, सांगू नको." मी त्या बाईंशी बोलले. त्या अगदी खऱ्या निघाल्या. मावशींनी वरात घेऊन यावं, तीन दिवस दालनात मांडावी, आणि शेवटच्या दिवशी मंचावर बसून आपल्या कामाविषयी चार शब्द बोलावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. मावशींनी नकार दिला आणि नकाराची सहा कारणं दिली. त्यातलं चौथं कारण असं होतं, की पुण्यात त्यांच्या ओळखीचा डॉक्टर नाही. पण पुढच्या आठवड्यात मी देऊळघाटला गेले तर ओसरीत सुपाऱ्या उन्हात घातलेल्या दिसल्या. मी निघताना फक्त म्हणाल्या, "तू सोबत येशील तं पाह्यतो म्हना त्याहिले."

पुढचे दोन महिने त्यांनी कशाकशाची काळजी केली याची मी यादी देत नाही. मुंग्या लागू नयेत म्हणून डिंकात लवंगेचं पाणी, ओल लागू नये म्हणून पाटाखाली कोळसा, आग लागली तर म्हणून दालनापासून पाण्याचा नळ किती पावलांवर आहे हे मला फोन करून विचारायला लावलं. संयोजक बाईंनी बिचाऱ्यांनी मोजून सांगितलं. पण सगळ्यात मोठी धास्ती होती बोलण्याची. आमचं वऱ्हाडी तिकडे कोणी ऐकून हसलं तर? नांदुऱ्याला रेल्वे धरायची होती. राजूर घाटात गाडी बंद पडेल, मोताळ्याला रस्ता अडवलेला असेल, असं धरून आम्ही चार तास आधीच फलाटावर जाऊन बसलो. तिथे त्यांनी तालीम सुरू केली. "मला," त्या म्हणत. "मले नाई, मला. मला पाणी हवं आहे." हा 'हवं आहे' शब्द त्या तोंड पोळल्यासारखा उच्चारत होत्या. शेजारच्या बाकावरच्या माणसाने खरंच पाण्याची बाटली पुढे केली. मावशींनी ती घेतली नाही, गुंगीचं औषध असतं म्हणून.

पोचवायला काका आले होते, म्हणजे मावशींचे यजमान. एसटीच्या आगारात मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. हाताची बोटं केळ्यांसारखी जाड, बोलणं दिवसाला दहा वाक्यं. दोघांनी घर सोडून जायचं नाही हा मावशींचा नियम, म्हणून काका मागे राहणार होते. गाडी आली, वरातीची पेटी चढवली, आणि खिडकीशी येऊन काकांनी एवढंच विचारलं, "चिमटा घेतला काय?" मावशींनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की ते लगेच मागे सरकले. मला वाटलं, रागावल्या असतील, एवढी साधी गोष्ट विसरेन का म्हणून. गाडीत मावशींनी आपला बाक पेटीला दिला आणि स्वतः माझ्या पायाशी बसून आल्या. मी किती वेळा म्हटलं, तर म्हणाल्या, "मी पडली तं उठन. थे पडलं तं उठन काय?"

महोत्सव म्हणजे एक वेगळंच गाव होतं. वर पांढरं कापड ताणलेली दालनं, मध्ये वडाची जुनी झाडं, आणि सगळीकडे गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं. आमच्या शेजारच्या दालनात काही मंडळी लोकांच्या डोळ्यांवर मोठा काळा चष्मा चढवत. तो घातला की माणसाला दुसरंच जग दिसतं म्हणे. माणूस हवेत हात मारायचा, खाली वाकायचा, मागे सरकायचा. मावशींनी पहिला माणूस असं करताना पाहिला आणि मला म्हणाल्या, "त्याले पानी द्या कोनीतरी." खेळ आहे हे समजावून सांगितल्यावर त्यांना नवी काळजी लागली, की यातला एखादा मागे सरकत आपल्या स्तूपावर बसेल. मग काय, दुपारभर त्या पाटाच्या आणि त्या दालनाच्या मध्ये, दोन्ही हात पसरून उभ्या. लोक वरात पाहायला येत, वाकून मोहरीचे डोळे पाहत, फोटो काढत, "हे सगळं हाताने केलंय?" असं विचारत. मावशी त्यांच्याकडे पाठ करून उत्तर देत, "हाव. म्हंजे, हो." पण संध्याकाळी पाटावर चादर झाकताना त्यांचा चेहरा मी पाहिला. आजवर मांडवात जेवणाची घाई असलेल्या लोकांनी त्यांचं काम पाहिलं होतं. इतक्या निवांतपणे कोणी वाकून पाहिलेलं त्यांनी पहिल्यांदाच अनुभवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चादर काढली आणि वरात नव्हती. म्हणजे पाट होता, घोडा होता, डिंकाचे डाग होते. बँडवाले सगळे गेले होते, त्यांची टरफलं तेवढी खाली पडलेली. स्तूप अर्ध्यातून कुरतडलेला, नवरीचा शेला ओढून खाली टाकलेला, नवरी डोळे जाऊन कोपऱ्यात तोंडावर पडलेली, नवऱ्याचा पत्ताच नाही, आणि जादा नवऱ्याची पिशवीही गाठींसकट कुरतडून रिकामी. दालनाच्या खांबावर एक खार बसून आमच्याकडे बघत होती. चोर, आग, पाणी, मुंग्या, पोलीस, चष्मेवाले, सगळ्यांची काळजी मावशींनी केली होती. खार तेवढी राहून गेली होती. संयोजक बाई धावत आल्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रखवालदाराला बोलावलं, तो हात जोडायला लागला. मला वाटलं, आता या बाईंना काहीतरी होणार, आणि पुण्यात खरंच आमच्या ओळखीचा डॉक्टर नाही.

मावशी खाली बसल्या. त्यांनी नवरी उचलली, पदराने पुसली, सांडलेली डाळ एका कागदावर गोळा केली. मग रखवालदाराला म्हणाल्या, "भाऊ, तुमी कायले हात जोडता? तिले भूक लागली असन." त्यांचा आवाज इतका शांत होता, की मलाच तो परका वाटला. त्या दिवशी मला कळलं, की या बाई न घडलेल्या गोष्टींना घाबरतात; घडून गेलेल्या गोष्टीशी त्यांचं काही भांडण नसतं. संयोजक बाई जरा सावरल्या आणि म्हणाल्या, "मावशी, एक सुचवू का? तुम्ही इथेच लोकांसमोर पुन्हा करायला घ्या. सामान आम्ही आणून देतो. जमेल तेवढं होऊ दे. लोकांना बघायला फार आवडेल."

"नाई," मावशी म्हणाल्या.

बस, तेवढंच. कुठल्याही नकाराला किमान सहा कारणं देणाऱ्या बाईने एकही कारण दिलं नाही, तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. थोड्या वेळाने त्या मला वडाच्या मागे नळाकडे घेऊन गेल्या. इकडेतिकडे पाहिलं आणि पदराखालचा उजवा हात बाहेर काढून माझ्यासमोर धरला. म्हणाल्या, "पाह्य." हात थरथरत होता. थंडीत कापतो तसा नाही. आतून कोणी तरी सारखा हलवत असल्यासारखा. चहा त्या दोन्ही हातांनी का पितात, बोलताना रुमाल मुठीत का धरतात, हे सगळं मी कितीतरी वेळा पाहिलं होतं, पण माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

"कधीपासून, मावशी?"

"दोन वर्सं होतीन आता. गोयी देली डॉक्टरनं. गोयीनं झोप येते, हात नाई थांबत."

"मग ही वरात? आणि मागच्या वर्षी आमच्या शाळेतल्या बाईंच्या मुलीसाठी केलेलं रुखवत?"

"तुह्या काकानं," त्या म्हणाल्या, आणि इतका वेळ कोरडे असलेले त्यांचे डोळे तेव्हा भरून आले. "मी बाजूले बसून सांगतो, थे करते. दार लावून. गावात समजलं तं म्हनतीन, बाई थकली आता, हिले कायले सांगायचं. आन त्याले हासतीन, का एसटीतला मानूस नवरीचं नाक बसवून राह्यला."

भूकंपापासून ओटीपीपर्यंत जगातली प्रत्येक काळजी ही बाई मोठ्याने बोलून दाखवत होती, आणि दोन वर्षं जी एकच खरी होती ती पदराखाली घेऊन बसली होती. मी काकांना फोन लावला. झालेलं सगळं सांगितलं, खारीचं, मैदानाचं, उद्या दुपारच्या मंचाचं. काका म्हणाले, "हाव. कोनत्या गाडीनं येऊ?" एवढ्यात मावशींनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला. पुढची वीस मिनिटं काकांना सूचना मिळत होत्या. दाराजवळ बसायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही, न बोलता बसलं तर लोकांना संशय येतो म्हणून थोडं बोलायचं, चप्पल उशाला घ्यायची, पेरूवाल्याकडून पेरू घ्यायचा नाही, डाळींचे डबे मांडीवर ठेवायचे. काका आयुष्यभर लोकांच्या बसगाड्या नीट करत आले होते, पण एकट्याने एवढा प्रवास त्यांनी कधी केला नव्हता. मावशींनी करू दिला नव्हता.

सकाळी आम्ही दोघी स्टेशनवर गेलो. गाडी उशिरा होती. तासभर मावशी फलाटावर एका जागी उभ्या होत्या आणि त्या तासात त्यांनी एकही काळजी बोलून दाखवली नाही. मी बसा म्हटलं, बसल्या नाहीत. चहा आणला, घेतला नाही. त्यांची ती शांतता मला सोसेना. तो भूकंपाचा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला असता तरी मला चाललं असतं. गाडी लागली, माणसं उतरली, गर्दी पांगली, आणि काका दिसेनात. मग अगदी शेवटच्या डब्याकडून एक उंच, वाकलेला माणूस काखेत डबे आणि हातात पिशवी घेऊन सावकाश येताना दिसला. जवळ येऊन म्हणाले, "गाडी पाऊन तास लेट हाये." जन्मभर एसटीच्या वेळापत्रकावरून बोलणी खाल्लेल्या माणसाच्या आवाजात थोडं समाधान होतं. मावशींनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि विचारलं, "जेवला काय?" "जेवलो." "झोपला काय?" "नाई." "मंग बरं," त्या म्हणाल्या. डबे मांडीवर होते ना.

दालनात काकांनी चष्मा लावला, बाही दुमडली आणि पाटासमोर मांडी घातली. त्या केळ्यासारख्या बोटांनी चिमट्यात मोहरीचा दाणा धरला आणि तो सुईच्या टोकावर ठेवावा तसा सुपारीवर ठेवला. मावशी शेजारी बसल्या. सुरुवातीला त्या हळू बोलत होत्या, कानात सांगितल्यासारख्या. मग लोक जमले तशा विसरल्या. "खाली घ्या डोया. अजून. नवरी हाये थे, पोलीस नाई. आता कशी लाजली पाहा. थांबा, जास्त लाजवू नका, आजकालच्या पोरी एवढ्या लाजत नाईत." लोक हसायला लागले तशा त्या एकदम थबकल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पण त्या हसण्यात टोचणारं काही नव्हतं. चष्मा चढवून दुसरं जग पाहायला आलेली मंडळी चष्मे काढून आमच्याकडे येऊन उभी राहिली होती. दुपारपर्यंत नवरी झाली, नवरा झाला आणि दोन बँडवाले झाले. बाकीचा पाट तसाच, कुरतडलेला.

मंचावर मावशींना खुर्ची दिली, माईक दिला. संयोजक बाईंनी विचारलं, "मावशी, तुमच्या निर्मितीच्या प्रक्रियेबद्दल आम्हाला सांगाल का?" मी पहिल्या रांगेत बसले होते. नांदुऱ्याच्या फलाटावरच्या सगळ्या तालमीची मी मनातल्या मनात त्यांना आठवण करून देत होते. माईक त्यांच्या हातात हलत होता, आणि सगळ्यांना तो हलताना दिसत होता. त्यांनी तो दुसऱ्या हातात घेतला नाही.

"पह्यले मी करत होती," त्या म्हणाल्या. "आता माह्या हात कापते, तं हे करतेत. थे तठी बसले. फलकावर माहं एकटीचं नाव हाये, थे बरोबर नाई. त्याहिचंही लिहा."

टाळ्या वाजल्या. काकांनाही मंचावर बोलावलं आणि काहीतरी सांगा म्हटलं. आजच्या दहा वाक्यांतली बरीचशी त्यांची खर्च झाली होती. ते म्हणाले, "मी नुसतं ठेवतो. कुठी ठेवायचं थे इले मालूम." आणि खाली उतरले. परतीच्या गाडीत मावशी बाकावर आडव्या होऊन झोपल्या. पेटी खाली होती. काका मात्र जागे होते.

गावात कळायचं ते कळलं. कोणी हसलं असेल, पण मावशींच्या कानावर आलं नाही. उलट काकांना आगारातले जुने मित्र मुलींच्या लग्नाची रुखवतं सांगायला लागले. ओसरीचं दार मात्र आता उघडं असतं.

या उन्हाळ्यात माझ्या भाचीचं लग्न ठरलं, म्हणून मी देऊळघाटला गेले. मावशी खुर्चीत बसल्या होत्या. थरथर आता दोन्ही हातांत आहे, मानही थोडी हलते, आणि त्या हात झाकत नाहीत. काका खाली बसून नवरी करत होते. डोळा ठेवला की सुपारी उचलून त्यांच्यासमोर धरत. मावशी पाहत आणि म्हणत, "चांगली हाये." नाक बसवलं. "चांगली हाये." शेला गुंडाळला, मला तो एका बाजूला जरा जास्त वाटला. "चांगली हाये," मावशी म्हणाल्या आणि बाहेरच्या उन्हाकडे पाहत बसल्या. मी दोन-तीन तास तिथे होते.

निघाले तेव्हा काका मला पोचवायला फाटकापर्यंत आले. नवरी त्यांच्या हातातच होती. मागे वळून त्यांनी ओसरीकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आजकाल थे चुका काढत नाई. मले समजत नाई, बरोबर होऊन राह्यलं का नाई." मग त्यांनी ती सुपारी उन्हात माझ्यासमोर धरली. "तुमी पाहा बरं. डोया बरोबर हाये ना?"

मी नीट पाहिलं आणि हो म्हटलं. मला त्यातलं काही कळत नाही, हे त्यांनाही माहीत होतं.